मध्ययुगीन मराठीत पीएच.डी. करावी का? घरात पोथी आहे, पण पुढं पोट भरेल का?

सेलूकर_मीरा

नमस्कार. मी सेलूची, जि. परभणी. यंदा मराठीत एम.ए. झालं. मला मध्ययुगीन साहित्यात पीएच.डी. करायची आहे. हे ज्याला सांगितलं तो आधी गप्प बसतो आणि मग दुसरा विषय सुचवतो. एक सर म्हणाले, ग्रामीण कादंबरी घे, पुस्तकं दुकानात मिळतात, तीन वर्षांत मोकळी होशील. वडील एसटीत वाहक आहेत. ते रागावत नाहीत, एवढंच विचारतात, "हे शिकून कुठं लागायचं?" आई म्हणायली, तलाठ्याची जाहिरात निघाली की फॉर्म भरून टाक.

हे खूळ कुठून आलं ते सांगते. आमच्या भिंतीतल्या देवळीत लाल रुमालात बांधलेली एक पोथी आहे. आजी म्हणते, एकनाथ महाराजांचं रुक्मिणीस्वयंवर. आत्याचं लग्न जमेना तेव्हा तिनं रुक्मिणीस्वयंवराचं पारायण केलं होतं, पण छापील पुस्तकातून. ही पोथी घरात कुणाला वाचताच येत नाही, तिला फक्त हळदकुंकू वाहायचं. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी मी रुमाल सोडला. पहिल्या दिवशी दोन ओळी लागल्या. पंधरा दिवसांनी अर्धं पान. ते अर्धं पान लागलं तेव्हा जो आनंद झाला तो कुठल्या निकालानं झाला नव्हता.

या वाटेनं गेलेलं इथं कुणी आहे का? नोकरीचं खरं चित्र काय आहे? आणि पुण्या-मुंबईला न जाता, परभणीत राहून हे होतं का? गोड बोलू नका, खरं सांगा.

तासिका_नांदेड

ताई, मी महानुभाव पंथाच्या जुन्या गद्यावर पीएच.डी. केली आहे आणि सध्या दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवतो. सहावं वर्ष. म्हणून आधी पैशांचं बोलतो.

नेट, म्हणजे प्राध्यापकीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, देताना जेआरएफ, म्हणजे तिच्यातून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, हेच लक्ष्य ठेवा. २०२३ पासून जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढची तीन वर्षं ४२,००० रुपये आहेत, घरभाडं वेगळं. साधारण वयोमर्यादा ३० आहे आणि महिलांना पाच वर्षांची सूट आहे, तेव्हा घाबरू नका पण रेंगाळूही नका. जून २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही धरतात. जेआरएफ नाही मिळाली तर बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांपैकी तुमच्या प्रवर्गाला लागू असेल तिथं अर्ज करा. शिष्यवृत्ती नसताना पीएच.डी.ला बसू नका. मी बसलो, आणि माझी तीन वर्षं फिरण्याच्या खर्चाची जुळवाजुळव करण्यात गेली.

कायम जागा फार कमी निघतात. मुलाखतीत "मध्ययुगीन" ऐकलं की समोरचे म्हणतात, आम्हाला सगळं शिकवणारा पाहिजे. ते चूक नाही, कॉलेजात व्याकरण, कादंबरी, उपयोजित मराठी सगळंच शिकवावं लागतं. त्याची तयारी ठेवा.

मला विषय बदलल्याचं सुख मिळालं असतं का? नाही. एवढंच.

गोदाकाठ

मीरा, तुला अगंतुगं करतो. माझी धाकटी लेक तुझ्याहून मोठी आहे.

मी गंगाखेड तालुक्यातला. १९८६ पासून तेहेतीस वर्षं एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवलं. पीएच.डी. केली ती रुक्मिणीस्वयंवराच्या हस्तलिखित प्रतींवरच. तुझा प्रश्न वाचला आणि रात्री उठून कपाटातली जुनी टिपणं काढून बसलो.

कर. नांदेडच्या भावानं सांगितलेली पैशांची बाजू सांभाळून कर, पण कर.

आता परभणीत राहून होतं का, याचं उत्तर जरा सविस्तर देतो. पुण्यात ग्रंथालयं आहेत, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे. पण पोथ्या जिथं लिहिल्या गेल्या, वाचल्या गेल्या, तो मुलूख हा आहे. पैठणला नाथ म्हणजे एकनाथ, आपेगावला ज्ञानदेवांचं घराणं, नरसीला नामदेव, गंगाखेडला जनाबाई, जांबेला समर्थ, अंबाजोगाईला मुकुंदराज आणि दासोपंत. दासोपंतांनी पंचीकरण हा वेदान्तावरचा ग्रंथ चक्क कापडाच्या पासोडीवर लिहिलं, ती पासोडी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा खाली बसलो आणि बराच वेळ उठलो नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये जी ज्ञानेश्वरी छापली तिची प्रत त्यांना बीडच्या पाटांगणावर मिळाली होती. पुण्याचा माणूस पोथीसाठी बीडला आला. तू तर सेलूत बसलेली आहेस.

माझं काम कसं झालं ते सांगतो, म्हणजे या धंद्याची चाल कळेल. १९९१ ला नोंदणी केली. रुक्मिणीस्वयंवर शके १४९३ मध्ये, म्हणजे १५७१ ला, काशीत पुरं झालं. अठरा प्रसंग म्हणजे अध्याय, १७१२ ओव्या. लग्न जमावं म्हणून मुली ते वाचत आल्या, म्हणून त्याच्या प्रती घरोघर झाल्या. माझ्या मार्गदर्शकांना हा विषय पसंत नव्हता. छापील प्रत बाजारात असताना जुन्या कशाला धुंडाळायच्या, असं ते म्हणायचे. मी सुट्टीच्या दिवशी एसटीनं निघायचो आणि पुढं गावात पायी.

सोनपेठला एका वाड्यात एक म्हातारी होत्या. पोथी उंबऱ्याबाहेर जाणार नाही, म्हणाल्या. दुपारी दोन ते चार ओसरीवर बसून उतरवून घ्या. मी सतरा रविवार गेलो. पाचव्या की सहाव्या रविवारी मी एक ओवी मोठ्यानं वाचली, तर आतून धान्य निवडता निवडता त्यांनी ती दुरुस्त केली. त्यांना अक्षरओळख नव्हती. सासूकडून ऐकून पाठ होतं सगळं. त्यांच्या तोंडची ओवी त्यांच्याच पोथीतल्या ओवीपेक्षा वेगळी होती. मला वाटलं, विसरल्या असतील. पुढं दोन वर्षांनी पैठणकडच्या एका घरातली प्रत पाहिली, तिच्यात नेमका म्हातारीचा पाठ, म्हणजे तिच्या तोंडचं ओवीचं रूप. शब्दाला शब्द. मी तसाच सोनपेठला सांगायला गेलो. वाड्याला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, आजी गेल्या, तेराव्यानंतर मुलांनी देवघरातलं सगळं जुनं गंगेत सोडलं. आपल्याकडं गंगा म्हणजे गोदावरी, तुला सांगायला नको. मुलांचा दोष नव्हता. पाय लागू नये, रद्दीत जाऊ नये, म्हणून श्रद्धेनंच सोडलं त्यांनी. मी उतरवून घेतलेल्या वह्या तेवढ्या राहिल्या. त्या पोथीचा कागद, शाई, समास, काही राहिलं नाही.

म्हणून सांगतो, नोकरी लागो न लागो, तू आजच एक काम कर. पोथीच्या प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढ. सावलीत, उघड्या उजेडात, फ्लॅश न मारता. पानं एकमेकांना चिकटलेली असतील तर ओढू नकोस. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नकोस, सुती रुमालच बरा. आम्ही मंडळी ग्रंथ वाचण्याआधी एवढं करायला शिकलो असतो तर पुष्कळ वाचलं असतं.

वाचायला कसं शिकायचं? तुझी पोथी बाळबोधीतच, म्हणजे देवनागरीतच, असणार, मोडी बहुधा हिशेबाला आणि पत्रांना. पण मोडी शिकच, कारण शेवटच्या कोऱ्या पाठीवर पुष्कळदा घरचा हिशेब असतो. मी पाहिलेल्या एका प्रतीच्या पाठीवर कुणाला किती पायली ज्वारी उसनी दिली ते होतं, आणि त्यावरून ती पोथी कोणत्या गावात होती हे कळलं. पोथीत शब्द तोडून लिहीत नाहीत, सलग अक्षरं चालतात, तोडणं वाचणाऱ्यानं करायचं. पिवळा डाग दिसला तर ती हळद समजू नकोस. तो हरताळ, एक पिवळा खनिज रंग. लेखकाचं, म्हणजे प्रत उतरवणाऱ्याचं, अक्षर चुकलं की त्यावर हरताळ लावून वर नवं अक्षर लिहायचे, 'हरताळ फासणे' आपण म्हणतो ते तिथलं. पान तिरपं धरून उजेडात पाहिलं तर खालचं चुकलेलं अक्षर दिसतं. तिथं थांब. लेखक कुठं चुकला यावरून त्याच्यासमोर कोणती प्रत होती याचा माग लागतो. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण हरताळाखालच्या अक्षरांवर आहे.

शब्दांसाठी तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाऊस यांचा जुन्या मराठीचा कोश घे, १९९९ चा. पण कोश उघडण्याआधी आजीला विचार. आपल्याकडं जेवायचं 'आवतण' अजून देतात. लीळाचरित्र या महानुभावांच्या जुन्या गद्यग्रंथात 'आवंतिलें' वाचताना परगावची मुलं अडखळायची, आपली हसायची. हे भांडवल तुला फुकट मिळालेलं आहे.

कारकीर्द म्हणशील तर युसुफखान पठाण सरांकडं पाहा. यू. म. पठाण. बखरींतल्या फारसीवर काम केलं, मग संतसाहित्य आणि महानुभाव साहित्यात उतरले, मराठवाडा विद्यापीठात मराठी विभाग सांभाळला, १९९० च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २००७ ला पद्मश्री. यातलं बहुतेक आपल्या औरंगाबादेत बसून. दोन भाषा नीट येणं किती कामाचं असतं ते त्यांच्याकडून शिकावं. निजामाच्या मुलखातल्या कागदांना फारसी-उर्दूशिवाय हात घालताच येत नाही. जमलं तर तू उर्दू लिपी शिकून घे, तुझ्या पिढीत ते करणारं फार थोडं आहे.

माझं स्वतःचं सांगायचं तर प्रबंध १९९९ ला मान्य झाला. छापून यायला आणखी अकरा वर्षं लागली. एका संस्थेनं हस्तलिखित तीन वर्षं ठेवून घेतलं आणि न वाचता परत केलं, गाठ मी बांधली तशीच होती. बढती उशिरा मिळाली. त्या वर्षांत फार कडू झालो होतो, हे लपवत नाही. पण सुट्टीच्या दिवशी कोणाच्या तरी ओसरीवर बसून पोथी सोडताना तो कडूपणा कधी आठवला नाही.

आज दारं जरा जास्त उघडी आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. त्यातून किती जागा निघतील ते पुढं दिसेल. हस्तलिखित वाचता येणारी माणसं मात्र त्यांना लागणारच, आणि ती एका वर्षात तयार होत नाहीत.

विषय घेताना 'एकनाथांचे काव्य : एक अभ्यास' असलं काही घेऊ नकोस. सेलू, मानवत, पाथरी, जिंतूर इथल्या घरांतल्या प्रती घे. छोटं घे आणि तळापर्यंत जा.

तुझ्या पोथीचं शेवटचं पान काय म्हणतं ते जसंच्या तसं इथं लिही. एक अक्षर सुधारू नकोस.

पांचाळेश्वर_वाट

दंडवत प्रणाम. मी गेवराईकडची, उपदेशी म्हणजे महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेल्या घरातली. मीराताई, पुढं कधी महानुभाव पोथ्यांकडं वळालात तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

बाहेरची माणसं आमच्या पोथ्यांतल्या सकळ या सांकेतिक लिपीचं फार कौतुक करतात, जणू आमच्या लोकांनी कोडं घातलं होतं. आमच्यासाठी ती शास्त्र जपण्याची रीत होती. राजवाड्यांनी ती उलगडली तेव्हा अभ्यासकांना आनंद झाला आणि आमच्या आजोबांच्या पिढीला दुखलं, दोन्ही खरं आहे. मठात जाताना आधी कॅमेरा काढू नका. दोनदा नुसतं प्रवचनाला या, जेवून जा, तिसऱ्यांदा विचारा.

दुसरं, लीळाचरित्राची मूळ प्रत स्वारीत गेली आणि आठवणीतून पुन्हा बांधली गेली, म्हणून हिराइसा पाठ, परसरामबास पाठ असे वेगवेगळे पाठ आहेत. वि. भि. कोलत्यांची १९७८ ची आवृत्ती वाचताना हे लक्षात असू द्या. सोनपेठच्या आजींचं वाचून मला हिराइसाच आठवल्या. पाठ टिकवणाऱ्यांत बायका पहिल्यापासून आहेत. महदंबेचे धवळे, म्हणजे तिनं रचलेली लग्नगीतं, कुणी विसरू नये.

सेलूकर_मीरा

सर, सगळं दोनदा वाचलं. सोनपेठचं वडिलांनाही वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण जेवण झाल्यावर म्हणाले, पोथी ठेवायला सागाची पेटी करून घेऊ. पांचाळेश्वरच्या ताई, पौर्णिमेला आईला घेऊन येते. नांदेडच्या दादा, जेआरएफचा फॉर्म भरणार, वचन.

शेवटचं पान असं आहे, जेवढं लागलं तेवढं:

"शके १७३९ शुक्लनाम संवत्सरे माघ शु॥ ५ ते दिवसी पुस्तक समाप्त॥ हस्ताक्षर" आणि पुढं नाव आहे ते घासून गेलंय. त्याच्याखाली संस्कृत आहे, "भग्नपृष्ठिकटिग्रीवा" एवढं लागलं. पाठीमागं मोडीसारखं काहीतरी आहे, चार ओळी.

१७३९ मध्ये ७८ मिळवले की १८१७ येतं. बरोबर ना? आजीला सांगितलं दोनशे वर्षांची आहे, तर ती रडली.

गोदाकाठ

मीरा, खाली संस्कृत आहे ते लेखकाचं गाऱ्हाणं. पाठ, कंबर, मान मोडून, नजर बांधून, खाली तोंड घालून कष्टानं ग्रंथ लिहिला, तो जपा, असा श्लोक आहे. शेकडो पोथ्यांत असतो. दर वेळी वाचताना मी मान सरळ करतो.

आता शक. बेरीज बरोबर आहे, पण साल बरोबर नाही. कसं ते पाहा. शकात १२ मिळव, ६० नं भाग, बाकी उरेल तितक्या क्रमांकाचा संवत्सर, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातलं वर्षाचं नाव, पहिल्या प्रभवापासून मोजायचा. ताळा हवा तर नाथांचाच घे. ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हा त्यांनी लिहून ठेवलं, शके पंधराशें साहोत्तरीं, तारणनाम संवत्सरीं. १५०६ आणि १२ म्हणजे १५१८, साठानं भागून बाकी १८, आणि अठरावा संवत्सर तारण. जुळलं. ज्ञानेश्वरी १२९० ची आणि हे १५८४. दोनशे चौऱ्याण्णव वर्षांत पाठात जे शिरलं होतं ते पैठणात बसून त्यांनी निवडलं, आणि पुढं कुणी स्वतःची ओवी घातली तर ती अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवल्यासारखी होईल असं बजावलं. पाठ पारखायच्या आपल्या शास्त्राचा पहिला माणूस तोच आहे, आणि तुझ्या देवळीत त्याचाच ग्रंथ आहे.

तुझं घे. १७३९ आणि १२ म्हणजे १७५१, बाकी ११. अकरावा ईश्वर. पण तुझा लेखक शुक्ल म्हणतो, आणि शुक्ल तिसरा. चालू संवत्सराचं नाव रोजच्या संकल्पात म्हणावं लागे, त्यात तो सहसा चुकणार नाही. म्हणजे शेवटचा आकडा पुन्हा पाहा. जुन्या हातात १ आणि ९ फार सारखे येतात. तिथं १ असेल तर १७३१ आणि १२ म्हणजे १७४३, बाकी ३. शुक्ल. जुळतं.

आणि महिना माघ आहे. माघापर्यंत इंग्रजी साल बदललेलं असतं, म्हणून ७८ ऐवजी ७९ मिळवायचे. शके १७३१ माघ म्हणजे फेब्रुवारी १८१०. तू म्हणत होतीस त्याच्या सात वर्षं आधीची पोथी.

पण हे मी गणितावरून सांगतोय, पान तुझ्या हातात आहे. ओवीच्या क्रमांकांतले सगळे १ आणि सगळे ९ एका कागदावर उतरवून काढ, त्याच हाताचे. मग शकाचा शेवटचा आकडा शेजारी ठेवून पाहा. घाई करू नकोस.

सेलूकर_मीरा

सर, चौथ्या प्रसंगापर्यंतचे काढले. याचा ९ खाली शेपूट ओढून उजवीकडं वळतो, प्रत्येक वेळी. १ सरळ खाली येतो आणि थांबतो. शकातला आकडा सरळ आहे. डोक्याची गाठ जरा मोठी झाली आहे, शाई फुटल्यासारखी, म्हणून मला ९ वाटला.

आजीला आत्ताच सांगितलं. ती म्हणाली, सात वर्षं वाढली का, बरं झालं.

तेवीस नंबरच्या पानावर पिवळा डाग आहे, मधोमध. उद्या सकाळी अंगणात उजेड आला की तिरपं धरून पाहते. आजी म्हणायली, आंघोळ केल्याबिगर हात लावू नको.